चौथीतल्या मुलांना कथानक, निवेदक, अनुमान, उपमा हे शब्द कसे शिकवायचे? जरा सविस्तर सांगतो

प्रश्न थोडक्यात असा आहे की मुलगी चौथीत आहे, शाळेतून वाचनाच्या संज्ञांची एक लांबलचक यादी आलीये, पात्र, कथानक, निवेदक, मध्यवर्ती कल्पना, अनुमान, सारांश, उपमा, चेतनगुणोक्ती वगैरे, प्रत्येकापुढे व्याख्या, मुलीने सगळ्या पाठ केल्यात आणि घडाघडा म्हणते, पण नवीन गोष्ट वाचून झाल्यावर "यात मध्यवर्ती कल्पना काय?" असं विचारलं की गप्प बसते. तर नक्की कुठले शब्द शिकवायचे आणि कसे.

मी प्राथमिकच्या मुलांना बरीच वर्षं वाचन शिकवतोय, शिक्षकांची ट्रेनिंगही घेतो, आणि हे चित्र इतक्या वेळा बघितलंय की पहिल्यांदा एवढंच सांगतो, मुलीत काही कमी नाहीये. व्याख्या पाठ असणं आणि वाचता येणं यांचा एकमेकांशी फार थोडा संबंध आहे. माझ्या मते यातली प्रत्येक संज्ञा हा मजकुराला विचारायचा एक प्रश्न असतो. पात्र म्हणजे "यात कोण आहे आणि त्याला काय हवंय?", निवेदक म्हणजे "हे मला कोण सांगतंय आणि त्याला काय काय माहितीये?", अनुमान म्हणजे "लिहिलेलं नाही पण मला कळलं, ते कशावरून?". मुलाला हा प्रश्न विचारता आला आणि उत्तर देताना मजकुरातल्या ओळीवर बोट ठेवता आलं, की ती संज्ञा त्याला आली. बोट ठेवता येत नसेल तर व्याख्या कितीही शुद्ध म्हटली तरी आली नाही. मी वर्गात हीच एक कसोटी लावतो.

आता नुसतं बोलून उपयोग नाही, एक छोटी गोष्ट घेऊ. ही मी अशा कामासाठीच लिहिलीये, तुम्ही मुलीबरोबर वापरलीत तरी चालेल.

"संध्याकाळपासून पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. तन्वी खिडकीत उभी होती. तिने घड्याळाकडे तिसऱ्यांदा पाहिलं. आजोबा म्हणाले, 'अगं येईल, गाडी उशिरा असेल.' तन्वी काही बोलली नाही. सकाळी दारात आपणच ओरडलेलं तिला आठवत होतं, 'तू कधीच वेळेवर येत नाहीस!' हातातल्या चित्राची कड तिच्या बोटांनी ओली झाली होती. तेवढ्यात दार वाजलं. तन्वी धावली. दारात शेजारचा समीर होता, गुडघ्यापर्यंत भिजलेला, एक छत्री उघडी आणि दुसरी बगलेत. 'काकू स्टेशनवर अडकल्यात, फोन आला होता. मी निघालोय, येतेस?' तन्वीने आजोबांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. तिने चित्र प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलं आणि चपला पायात सरकवल्या."

एवढीच गोष्ट. मुलीला आधी एकदा सलग वाचू द्या, मधे थांबवू नका, काही विचारू नका. मग विचारा, तन्वी कोणाची वाट बघतेय? बहुतेक मुलं लगेच म्हणतात, आईची. आता म्हणा, दाखव बरं कुठे लिहिलंय. मुलं शोधतात, आणि त्यांना कळतं की "आई" हा शब्दच गोष्टीत नाहीये! हा क्षण फार महत्त्वाचा आहे. मग पुढचा प्रश्न, लिहिलेलं नाही तर तुला कळलं कशावरून? मग मुलं सांगायला लागतात, समीर "काकू" म्हणाला, शेजारचा मुलगा तन्वीच्या आईलाच काकू म्हणेल, आजोबा "येईल" म्हणाले म्हणजे घरातलंच माणूस, सकाळी दारात भांडण झालं म्हणजे ती व्यक्ती सकाळी घरून बाहेर पडली. एखादं चलाख मूल म्हणतं, मावशी पण असू शकते की घरी राहणारी. असू शकते, बरोबर आहे, पण कुठल्या उत्तराला जास्त आधार आहे ते बघायचं. आणि हे सगळं बोलून झाल्यावर, तेव्हाच, सांगायचं की हे तू आत्ता जे केलंस ना, मजकुरातली खूण आणि तुला आधीपासून माहिती असलेली गोष्ट जोडून न लिहिलेलं ओळखलंस, याला अनुमान म्हणतात. झालं. व्याख्या पाठ करायची गरजच राहत नाही कारण तिने ते करून बघितलेलं असतं.

दुसरी छत्री कोणासाठी होती हा या गोष्टीतला माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे. काकूंसाठी की तन्वीसाठी? समीर "येतेस?" असं विचारतोय म्हणजे ती येईलच असं धरून तो आलेला नाही, म्हणजे छत्री काकूंसाठी असावी. पण काही मुलं म्हणतात, तो मुद्दाम आधी तन्वीकडे आला म्हणजे तिला न्यायचंच त्याच्या मनात होतं. दोन्ही बाजूंना पुरावा निघतो. इथे घाई करून "बरोबर उत्तर" सांगू नका. मुलं ओळी परत परत वाचतात, आणि वाचन शिकवण्यात यापेक्षा जास्त काही मिळवायचं नसतं.

अनुमान आणि अंदाज यांत मुलं खूप गोंधळतात म्हणून सांगतो, अंदाज म्हणजे पुढे काय होईल ते, आणि पुढे वाचलं की तो बरोबर की चूक ते कळतं. अनुमान हे आत्ता जे चाललंय किंवा आधी घडलंय त्याबद्दल असतं, आणि लेखक ते शेवटपर्यंत स्पष्ट सांगेलच असं नाही. "दार वाजलं" इथे थांबून कोण असेल असं विचारलं तर तो अंदाज. तन्वीने चित्र का काढलं असेल हे अनुमान. दोन्हीला खूण लागते, आधार नसलेला अंदाज म्हणजे नुसता तुक्का, आणि मुलांना तुक्का मारायची सवय लागली की ती सोडवायला वेळ जातो.

मला शिकवण्याच्या पद्धतीबद्दल एक मुद्दा आवर्जून सांगायचाय. अमेरिकेत डोलोरेस डर्किन नावाच्या संशोधक बाईंनी 1970 च्या दशकात प्राथमिक वर्गात बसून वाचनाचे तास मोजले होते, चौथीच्या वर्गात साधारण साडेचार हजार मिनिटं बघितली आणि त्यात आकलन प्रत्यक्ष शिकवण्यात गेलेली मिनिटं निघाली फक्त 20. बाकी वेळ कशात गेला, तर बराचसा प्रश्न विचारण्यात आणि स्वाध्याय देण्यात आणि तपासण्यात. म्हणजे मुलाला उत्तर येतं का ते बघत राहायचं, पण उत्तरापर्यंत जायचं कसं ते दाखवायचं नाही. त्याला आता पन्नासएक वर्षं होत आली पण मला आजही वर्गात बहुतेक वेळा हेच दिसतं, आणि घरी पालकही तेच करतात, गोष्ट संपली की लगेच प्रश्नांचा मारा. म्हणून तुम्ही आधी स्वतः मोठ्याने विचार करून दाखवा. "थांब हं, इथे लिहिलंय तिने घड्याळाकडे तिसऱ्यांदा पाहिलं, मी एखाद्या गोष्टीची काळजी करत असलो की असं करतो, म्हणजे हिला काळजी वाटतेय." एवढं एक वाक्य मोठ्याने बोललात तरी मुलीला आत काय चालतं ते दिसतं. मग एकदा दोघांनी मिळून, मग तिने एकटीने.

आता बाकीचे शब्द घेऊ याच गोष्टीवर.

पात्र सोपं आहे, मुलं नावं सांगतात. पण नावं सांगून थांबायचं नाही. पात्राबद्दल तीन गोष्टी शोधायच्या, त्याला काय हवंय, त्याला काय अडतंय आणि तो काय करतो. स्वभावाचे शब्दही इथेच येतात, आणि इथे मुलं "चांगली मुलगी", "हुशार मुलगा" असली गुळगुळीत उत्तरं देतात. लगेच विचारा, कुठल्या ओळीवरून? तन्वी चित्र पिशवीत "नीट गुंडाळते", यावरून ती त्या चित्राला जपते हे कळतं, आणि सकाळी ती ओरडलीही आहे, म्हणजे ती तापटही आहे आणि तिला वाईटही वाटतं. एकाच पात्रात दोन गोष्टी असू शकतात हे चौथीच्या मुलाला छान कळतं, आपल्याला वाटतं त्यापेक्षा लवकर कळतं. एक सवय मी लावतो, मुलाने स्वभाव आणि भावना वेगळं सांगायचं. घाबरलेली ही भावना, ती तासाभरात जाईल. भित्री हा स्वभाव. तन्वी काळजीत आहे, ती काळजीखोर आहे का ते या गोष्टीवरून कळत नाही. कळत नाही असं म्हणता येणं हेसुद्धा चांगलं उत्तर आहे.

स्थळकाळ म्हणजे कुठे आणि कधी. यावर फार वेळ घालवू नका, फक्त एक प्रश्न जोडा, ही गोष्ट दुसरीकडे किंवा दुसऱ्या वेळी घडली असती तर चाललं असतं का? पाऊस काढून टाकला तर आई अडकत नाही, छत्री लागत नाही, गोष्टच उरत नाही. म्हणजे इथे पाऊस नुसती सजावट नाही.

कथानक. इथे जरा थांबतो. मुलांना कथानक सांग म्हटलं की ती "मग, मग, मग" करत सगळी गोष्ट परत सांगतात. इंग्रजी कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी 1927 मधे केंब्रिजला व्याख्यानं दिली होती त्यात हा फरक त्यांनी सोपा करून सांगितलाय, राजा मेला आणि मग राणी मेली ही झाली नुसती घटनांची रांग, राजा मेला आणि त्या दुःखाने राणी मेली हे झालं कथानक. म्हणजे कारण आलं की कथानक झालं. मुलांबरोबर मी याचा सरळ खेळ करतो, "मग" हा शब्द बंद, फक्त "म्हणून" आणि "पण" वापरायचं. तन्वी सकाळी आईवर ओरडली, म्हणून तिला दिवसभर वाईट वाटत होतं, म्हणून तिने चित्र काढलं, पण आई वेळेवर आली नाही, म्हणून ती काळजीत पडली, पण समीर निरोप घेऊन आला, म्हणून ती स्वतःच निघाली. बघा, सात तुकडे, सगळं कथानक आलं, आणि घड्याळ, ओली कड, भिजलेले गुडघे हे तपशील आपोआप गळून पडले. ("म्हणून तिने चित्र काढलं" हेसुद्धा आपलं अनुमान आहे, गोष्टीत तसं म्हटलेलं नाही. मुलीने हे पकडलं तर तिचं मनापासून कौतुक करा.) सारांश लिहायलाही हाच खेळ कामाला येतो, सारांशासाठी वेगळं काही शिकवावं लागत नाही.

वर्कशीटवर डोंगराचा आकार काढून सुरुवात, चढ, परमोच्च बिंदू, उतार, शेवट असं भरायला देतात, तो आकार गुस्टाव्ह फ्रायटाग या जर्मन लेखकाच्या 1863 च्या पुस्तकावरून आलाय आणि तो बोलत होता पाच अंकी नाटकांबद्दल. मुलांच्या प्रत्येक गोष्टीला तो डोंगर बसेलच असं काही नाही. आपल्या गोष्टीत परमोच्च बिंदू कुठला, दार वाजतं तो की तन्वी जायचं ठरवते तो? मी दुसरा म्हणेन कारण तिथे तिने काहीतरी निवडलं. पण चौथीच्या मुलाकडून "परमोच्च बिंदू" शब्दात अडकण्यापेक्षा "अडचण काय होती आणि ती कशी सुटली, सुटली का?" एवढं मिळालं तरी मला पुरतं.

निवेदक हा शब्द शिक्षकही घाईत उरकतात आणि माझ्या मते या वयात तो सगळ्यात मजेचा आहे. मुलांना वाटतं लेखक आणि निवेदक एकच. या गोष्टीत सांगणारा तन्वीला "ती" म्हणतो, म्हणजे तो गोष्टीबाहेर उभा आहे, पण त्याला तन्वीच्या मनातलं कळतं, सकाळचं भांडण तिला आठवतंय हे तो सांगतो. आजोबांच्या मनात काय आहे ते सांगतो का? नाही. समीरच्या? नाही. म्हणजे आपण सगळी गोष्ट तन्वीच्या खांद्यावरून बघतोय. आता मुलीला सांगा, हीच गोष्ट समीरने "मी" म्हणून सांगितली असं समजून लिही. लिहायला बसली की तिला पहिल्या दोन ओळींतच कळेल की समीरला सकाळचं भांडण माहितीच नाही, खिडकी माहिती नाही, घड्याळ माहिती नाही, चित्र त्याला दिसेल पण ते कशासाठी ते कळणार नाही. त्याची गोष्ट सुरू होईल फोनपासून. आणि त्याच्या गोष्टीत तन्वी कदाचित नुसती एक गप्प बसलेली मुलगी असेल जी छत्रीखाली प्लास्टिकची पिशवी छातीशी धरून चालतेय. हा एक स्वाध्याय केला की निवेदक, प्रथमपुरुषी ("मी" म्हणून सांगितलेलं), तृतीयपुरुषी ("तो", "ती" म्हणून सांगितलेलं) आणि दृष्टिकोन (कोणाच्या नजरेतून बघतोय ते) हे चारही शब्द एका झटक्यात कळतात, आणि मुलं ते विसरत नाहीत.

मध्यवर्ती कल्पना. तुमच्या प्रश्नाचं मूळ इथेच आहे, तर यावर जरा जास्त बोलतो. मुलं इथे गप्प बसतात कारण त्यांना तीन वेगळ्या गोष्टी एकच वाटतात, विषय, तात्पर्य आणि मध्यवर्ती कल्पना. विषय एकदोन शब्दांत सांगता येतो, भांडण, वाट बघणं, आई आणि मुलगी. तात्पर्य म्हणजे उपदेश, "आईवर ओरडू नये". बोधकथांत ते शेवटी लिहिलेलंच असतं त्यामुळे मुलांना वाटतं प्रत्येक गोष्टीत असं काहीतरी असलंच पाहिजे. पण आपली गोष्ट तन्वीला रागावत नाहीये, उलट तिच्या बाजूने उभी आहे. मध्यवर्ती कल्पना म्हणजे त्या विषयाबद्दल ही गोष्ट काय म्हणते, पूर्ण वाक्यात, आणि पात्राचं नाव न घेता. "बोलून दुखावलेलं माणूस नुसतं सॉरी म्हणूनच नाही तर काहीतरी करूनही जवळ करता येतं." किंवा "ज्यांच्यावर आपण रागावतो त्यांचीच आपल्याला काळजी असते." दोन्ही चालतील, दोन्हीला गोष्टीत पुरावा आहे. एकापेक्षा जास्त उत्तरं बरोबर असू शकतात पण कुठलंही उत्तर चालत नाही, "पावसात छत्री घेऊन जावं" हे नाही चालणार कारण मग भांडण आणि चित्र गोष्टीत कशाला आहे?

मुलांना तिथपर्यंत न्यायला मी दोन प्रश्न विचारतो. पात्र सुरुवातीला कसं होतं आणि शेवटी कसं आहे? आणि हा बदल कशामुळे झाला? तन्वी सुरुवातीला खिडकीत उभी राहून वाट बघते, शेवटी स्वतः निघते. काय बदललं? या उत्तरातून मध्यवर्ती कल्पना नव्वद टक्के वेळा हातात येते. आणि हे तोंडी होऊ द्या आधी, लगेच लिहायला लावू नका, लिहायचं म्हटलं की मुलं पाठ केलेल्या वाक्याकडे पळतात.

माहितीपर मजकुरात मात्र मध्यवर्ती कल्पना असं न म्हणता मुख्य कल्पना म्हटलं तर गोंधळ कमी होतो. एक परिच्छेद घ्या.

"अनेक वटवाघळं अंधारात कानांनी शिकार शोधतात. ती खूप उंच पट्टीचे आवाज काढतात, त्यातले बरेचसे माणसाला ऐकू येत नाहीत. हा आवाज समोरच्या किड्यावर आपटून परत येतो. परत यायला किती वेळ लागला त्यावरून किडा किती लांब आहे ते वटवाघळाला कळतं. काही पतंगांना हा आवाज ऐकू येतो, आणि तो आला की ते चटकन दिशा बदलून निसटतात."

विषय वटवाघूळ. मुख्य कल्पना काय? बरीच मुलं पहिलं वाक्य उचलतात, आणि इथे ते जवळपास बरोबरही आहे, पण ही सवय धोक्याची आहे, कारण दुसऱ्या परिच्छेदात मुख्य वाक्य शेवटी असेल किंवा कुठेच नसेल. त्यापेक्षा एकेक वाक्य झाकायचं आणि विचारायचं, हे काढलं तर बाकीचं कोसळतं का? उंच पट्टीचं वाक्य काढलं तर थोडं नुकसान होतं, प्रतिध्वनीचं काढलं तर सगळंच कोसळतं. पतंगाचं वाक्य काढलं तर? परिच्छेद उभा राहतो. म्हणजे ते वाक्य गमतीचं आहे पण मुख्य कल्पनेला आधार देणारं नाही. मुलांना पतंगाचंच वाक्य सगळ्यात जास्त लक्षात राहतं आणि तेच ती सारांशात पहिलं लिहितात, म्हणून हा भेद शिकवावा लागतो.

माहितीच्या पुस्तकांचे बाकीचे शब्द, अनुक्रमणिका, उपशीर्षक, शब्दसूची, आकृती, चित्राखालची ओळ, हे वेगळे "शिकवत" बसू नका. पुस्तक हातात द्या आणि सांगा, न वाचता दोन मिनिटांत सांग की वटवाघूळ काय खातं ते कुठल्या पानावर सापडेल. शोधताना हे सगळे शब्द लागतात. एक मात्र लक्षात घ्या, माहितीपर मजकूर अडला तर दर वेळी वाचनकौशल्य कमी असतं असं नाही. 1988 मधे रेक्ट आणि लेस्ली या संशोधकांनी एक प्रयोग केला होता, सातवी आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा मजकूर दिला, आणि वाचनात कच्ची पण बेसबॉल माहिती असलेली मुलं, वाचनात पक्की पण खेळ माहिती नसलेल्या मुलांपेक्षा जास्त समजून सांगू शकली. तर वटवाघळाचा परिच्छेद कळला नाही तर आधी प्रतिध्वनीबद्दल गप्पा मारा, "मुख्य कल्पना शोध" असं परत परत म्हणून उपयोग नाही.

आता कविता. ओळ, कडवं, ध्रुवपद, यमक, लय एवढे शब्द पुरे. ध्रुवपद म्हणजे परत परत येणारी ओळ, ते गाण्यावरून पटकन कळतं. अलंकारांच्या बाबतीत पालक फार घाबरतात कारण व्याकरणाच्या पुस्तकात मोठी यादी असते. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच सांगितलेत, उपमा, रूपक, दीपक आणि यमक, पुढच्या ग्रंथांत ती यादी वाढत वाढत शंभराच्या वर गेली. लहान मुलांनाही सुरुवातीला चार पुरतात, माझे चार थोडे वेगळे, यमक, अनुप्रास, उपमा आणि चेतनगुणोक्ती.

"ढग आला दाटून, वारा म्हणाला थांब,
झाडाखालची सावली पळून गेली लांब."

थांब आणि लांब, यमक. हे कानाने ओळखायचं, डोळ्याने नाही, म्हणून कविता मोठ्याने वाचल्याशिवाय यमक शिकवूच नका. वारा म्हणाला, सावली पळाली, ही चेतनगुणोक्ती, म्हणजे निर्जीव गोष्ट माणसासारखी वागतेय. इथे एक प्रश्न मुलं हमखास विचारतात, गोष्टीतला कोल्हा बोलतो ती चेतनगुणोक्ती का? तसं म्हणू नये, तिथे कोल्हा हे पात्र आहे, बोलणं हा त्या गोष्टीच्या जगाचा नियम आहे. सावली मात्र खरोखर पळत नाहीये, कवीने एका ओळीपुरतं तिला माणूस केलंय. मग विचारा, ऊन गेलं आणि सावली नाहीशी झाली असं सरळ का नाही लिहिलं? मुलं म्हणतात, सावलीला पण पावसाची भीती वाटली. हे उत्तर मिळालं की नाव सांगितलं काय नि नाही काय, काम झालं.

उपमेत मुलं एकच चूक करतात, "सारखं" दिसलं की उपमा लिहून मोकळी होतात. "आभाळ जुन्या पाटीसारखं काळं दिसत होतं", ही उपमा, आभाळ उपमेय, पाटी उपमान, काळेपणा दोघांतला समान गुण, सारखं हा जोडणारा शब्द. "समीर त्याच्या भावासारखाच उंच आहे", ही साधी तुलना, दोन मुलांचीच, यात कल्पना काही नाही. "तन्वी घाबरल्यासारखी दिसत होती", इथे तर कोणाची कोणाशी तुलनाच नाही. तीनही वाक्यं समोर ठेवून फरक काढायला लावा. उपमेय उपमान हे शब्द चौथीत नाही आले तरी चालेल, कशाला कशाची जोड दिली आणि दोघांत काय सारखं आहे, एवढं आलं पाहिजे. "रस्ता नदीच झाला होता", म्हणजे "सारखं" न म्हणता एक गोष्ट सरळ दुसरीच आहे असं म्हणणं, हे रूपक, ते पाचवीला घ्या, उपमा पक्की झाली की अर्ध्या तासाचं काम आहे. अनुप्रास म्हणजे एकच अक्षर परत परत येणं, "सरसर सरी सरकत आल्या", यावर फार वेळ नको, मुलांना स्वतः बनवू द्या, त्यांना ते आपल्यापेक्षा चांगलं जमतं.

यादी मोठी आहे तर क्रम काय लावायचा. पहिली दुसरीत पात्र, कुठे-कधी, सुरुवात-मधला भाग-शेवट, यमक, आणि पुस्तकाचं नाव, लेखक, चित्रकार. तिसरी चौथीत कथानक, अनुमान, निवेदक, सारांश, मुख्य कल्पना आणि तपशील, उपमा, चेतनगुणोक्ती. मध्यवर्ती कल्पना चौथीत सुरू करायची आणि पाचवीपर्यंत पिकू द्यायची. रूपक, वातावरण, लेखकाचा हेतू, पूर्वसूचना हे पाचवीला. आणि मूल अजून अक्षरं जुळवत अडखळत वाचत असेल तर यातलं काहीच लेखी घेऊ नका, गोष्ट तुम्ही वाचून दाखवा आणि सगळं तोंडी करा. ऐकून केलेलं अनुमान हे तितकंच खरं अनुमान असतं, आणि वाचनाचा वेग वाढवायचं काम वेगळ्या वेळी करायचं.

रोज करायचं म्हटलं तर पालिंक्सार आणि ब्राऊन या संशोधकांनी 1984 मधे मांडलेली एक पद्धत घरीही सहज होते, त्यात चारच कामं आहेत, पुढचा अंदाज बांधायचा, प्रश्न काढायचा, अडलेलं स्पष्ट करून घ्यायचं, सारांश सांगायचा. यात खरी गंमत अशी की शिक्षकाची भूमिका आळीपाळीने बदलते, म्हणजे एका परिच्छेदाला तुम्ही विचारा, पुढच्याला मुलीने तुम्हाला विचारायचं. मूल प्रश्न काढायला लागलं की ते आपोआप ओळी निरखून वाचतं, कारण तिला तुम्हाला अडवायचं असतं ना. अडवू द्या. आणि तुमचं उत्तर आलं की तिने म्हणायचं, कुठल्या ओळीवरून?

राहिला परीक्षेचा मुद्दा, तोही खरा आहे. व्याख्या लिहा असा प्रश्न येत असेल तर आधी वर सांगितलं तसं सगळं होऊ द्या आणि मग परीक्षेच्या आठवडाभर आधी व्याख्या बघा, तेव्हा त्या पाठ कराव्या लागत नाहीत, ती स्वतःच्या शब्दांत लिहील. उत्तर लिहिताना दोन भाग ठेवायला शिकवा, माझं म्हणणं आणि त्याची ओळ. "तन्वीला आईची काळजी वाटत होती, कारण तिने घड्याळाकडे तिसऱ्यांदा पाहिलं असं लिहिलंय." बास. उत्तर दोन ओळींचं असलं तरी चालेल. आणि सध्या जी यादी घरी आहे त्यातले या महिन्यात फक्त तीन शब्द घ्या, अनुमान, निवेदक आणि कथानक, वेगवेगळ्या गोष्टींवर, बाकीची यादी बाजूला ठेवा. मध्यवर्ती कल्पनेचा प्रश्न पुढच्या महिन्यात परत विचारून बघा, पण तन्वीच्या गोष्टीवर नको, तिच्या स्वतःच्या आवडीच्या एखाद्या गोष्टीवर विचारा.